आई-अण्णांचं डॅलसचं तिकीट: मुंबईहून दोन थांब्यांचं स्वस्त घ्यावं का हैदराबादहून एका थांब्याचं?

उदगीरचा_धाकटा

नमस्कार मंडळी. ताईचं बाळंतपण नोव्हेंबर अखेरीस आहे, डॅलसला. आई-अण्णा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायलेत, फेब्रुवारीत परत. व्हिसा झालाय दोघांचा. अण्णा 67, आई 62, दोघंही आजवर विमानात बसलेले नाहीत, आईचे गुडघे दुखतात आणि शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. चार दिवस झाले रात्री मोबाईल घेऊन दर बघत बसतोय, आता डोकंच चालंना झालंय.

मुंबईहून दोन थांब्यांचं, एक युरोपात आणि एक न्यूयॉर्कला, जाऊन-येऊन माणशी 97 हजार. मुंबईहूनच दुबईमार्गे एक थांबा 1 लाख 38 हजार. आणि हैदराबादहून दुबईमार्गे 1 लाख 44 हजार. म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात दोघांचे मिळून 94 हजारांचा फरक पडायलाय. आमचं घर शेतीवरचं. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 च्या हंगामाला क्विंटलमागं 5328 ठरला, तो खरंच पदरात पडला असं धरलं तरी 94 हजार म्हणजे 17 क्विंटलच्या वर सोयाबीन झालं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले स्वस्तातलं काढ, आम्ही पंढरपूरला पायी गेलेली माणसं, चार तास जास्ती बसायला काय होतंय. ताई म्हणते वरचे पैसे मी देते, पण लेकीचे पैसे घ्यायचे नाहीत यावर अण्णा ठाम. ज्यांनी आईवडिलांना असं पाठवलंय त्यांनी सांगा, कारण मी स्वतः पुण्याच्या पुढं गेलेलो नाही.

नांदेडची_सून_टेक्सासला

दादा, पैसे भरू नका अजून. आधी ते 97 हजारवालं तिकीट पुन्हा उघडा आणि दोन गोष्टी बघा. एक, सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का, का कुठं बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलंय. दोन, न्यूयॉर्कला ज्या विमानतळावर उतरायलेत तिथूनच पुढचं विमान आहे का. तीन अक्षरी कोड असतो तो बघा, जेएफके, एलजीए, ईडब्ल्यूआर असे. न्यूयॉर्कच्या आसपास तीन मोठे विमानतळ आहेत आणि वेबसाईट बिनधास्त एकावर उतरवून दुसऱ्यावरून चढवते.

सेल्फ ट्रान्सफर म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं नुसती शेजारी ठेवलेली असतात. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं, तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. आणि बॅगा सहसा पुढं जात नाहीत, मधेच काढून पुन्हा द्याव्या लागतात. युरोपात बॅग घ्यायला बाहेर यायचं म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं, त्याला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा असला तर फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी आतल्या आत विमान बदलता येतं, बाहेर पडता येत नाही. म्हणजे असं तिकीट असलं तर मुंबईतच काउंटरवर अडवतील.

उदगीरचा_धाकटा

ताई, आत्ता बघितलं. सेल्फ ट्रान्सफर लिहिलंय खरंच, आडव्या रेघेखाली. आणि न्यूयॉर्कला जेएफकेला उतरून 11 तासांनी एलजीएहून विमान आहे, रात्रीचं मधी. मी 11 तास आराम मिळंल म्हणून खूश होतो. अण्णांना घेऊन आईनं चार बॅगांसकट रात्री न्यूयॉर्कात टॅक्सी शोधली असती. अंगावर काटाच आला.

परभणी_ते_पिट्सबर्ग

थांब्याला सरसकट नावं ठेवू नका एवढंच म्हणतो. मी शिकायला गेलो तेव्हा दोन थांब्यांचं घेतलं, 14 तास एका विमानतळावर बॅग उशाशी घेऊन झोपलो, 31 हजार वाचले आणि त्यात माझं पहिल्या महिन्याचं भाडं निघालं. 23 वर्षांच्या पोराला त्यात काहीच वाटत नाही आणि त्यानं पैसेच वाचवावेत, कारण घरून कर्ज काढून आलेलं असतंय. ते तिकीट मात्र एकाच पीएनआरवर होतं. पुढच्या वर्षी शहाणपणा करून दोन वेगळी तिकिटं जोडली, पहिलं विमान अडीच तास उशिरा गेलं, दुसरं गेलं निघून, आणि काउंटरवरच्या बाईनं शांतपणे नवीन तिकिटाचा दर सांगितला, 41 हजार. भांडायला जागाच नव्हती कारण नियमानं ती बरोबर होती. तेव्हा स्वस्त घ्या, पण एका पीएनआरवरचं घ्या.

आणि जगात काय होईल सांगता येत नाही. 16 एप्रिल 2024 ला दुबईत इतका पाऊस झाला की विमानतळ पाण्यात गेला आणि विमानं शेकड्यानं रद्द झाली. 23 जून 2025 ला कतारनं काही तास आकाशच बंद केलं. अशा वेळी एकच तिकीट असलं तर पुढचं विमान देणं ही कंपनीची जबाबदारी असते, तुटक तिकिटं असली तर ज्याचं त्यानं बघायचं. युरोपातला उशिराच्या भरपाईचा 2004 चा नियम मात्र धरून चालू नका, भारतातून अमेरिकेला एकाच तिकिटावर युरोपमार्गे गेलात तर तो लागू होत नाही.

देगलूर_नाका

मुंबई का हैदराबाद यावर बोलतो, कारण ह्या रस्त्यानं माझं कायम जाणंयेणं आहे. तुम्ही तिकिटाचा दर मुंबईपासून धरायलात, तुमचा प्रवास तर उदगीरच्या उंबऱ्यापासून सुरू होतोय. मुंबई तुम्हाला पाचशे किलोमीटरच्या वर. रात्रभर रेल्वे, मग चार जड बॅगा घेऊन टॅक्सीनं सहार, विमान पहाटेचं म्हणून कुणाकडं तरी दिवसभर टेकायचं, तुमचं स्वतःचं येणं-जाणं वेगळं. मागच्या वर्षी पुतण्याला सोडायला आम्ही तिघं गेलो, सगळं धरून साडेचौदा हजार गेले आणि दोन दिवस मोडले. परत येताना पुन्हा तेच.

हैदराबाद म्हणजे उदगीर-बिदर-जहीराबाद-संगारेड्डी, पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागायचं आणि शहरात न शिरता सरळ शमशाबादच्या विमानतळावर. दोन-सव्वादोनशे किलोमीटर आहे, संध्याकाळी जेवून निघालात तरी पहाटेच्या विमानाला आरामात पोचता. दोघांचे 12 हजार जास्ती दिसायलेत ते मुंबईच्या खर्चात तिथंच फिटतात. फेब्रुवारीत परत येताना माणूस 24 तासांचा शिणलेला असतोय, तेव्हा गाडीत बसून पाच तासांत घरी पोचणं आणि मुंबईत उतरून रात्रीची रेल्वे धरणं यात लय फरक आहे.

लातूर_मेडिकलवाला

पायी वारी केलेली माणसं काटक असतात हे मान्यच, पण अण्णांना सांगा की चालणं वेगळं आणि 16 तास गुडघे मोडून एका जागी बसणं वेगळं. दुबईहून डॅलसचं विमान साधारण तेवढंच घेतंय. चार तासांच्या वर बसून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर तासा-दीड तासाला उठून दोन चकरा, बसल्या बसल्या पोटऱ्या हलवायच्या, पाणी प्यायचं. बाया बाथरूमला जावं लागंल म्हणून पाणीच पीत नाहीत, आईंना आधीच बजावा. कडेची सीट घ्या. पायाला घट्ट मोजे घालायचे का ते डॉक्टरांना विचारा, मनानं घालू नका.

मी तर म्हणतो मधला थांबा आईंच्या गुडघ्यांना बराच. तीन-चार तासांचा पाहिजे, दीड तासाचा घेऊ नका, त्या मोठ्या विमानतळावर एका गेटवरून दुसऱ्या गेटला जायलाच वेळ जातो. शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तीन महिन्यांच्या पुरतील एवढ्या. तेव्हा डॅलस आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं असंल, तर कुठली गोळी कोणत्या वेळेला हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. अण्णांच्या कुठल्या गोळीत ट्रामाडॉल किंवा कोडीन असलं तर मला आधी विचारा, अमिरातीत, म्हणजे दुबईतही, त्यांच्यावर निर्बंध आहेत.

नांदेडची_सून_टेक्सासला

वर सगळ्यांनी बरोबर सांगितलं. माझे सासू-सासरे दोनदा आले म्हणून एक भर घालते. अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतरता तिथंच इमिग्रेशन होतं आणि बॅगा काढून कस्टमला दाखवून पुन्हा द्याव्या लागतात, एकाच तिकिटावर असलं तरी. म्हणून थांबा अमेरिकेबाहेर घ्या. दुबई किंवा दोहाहून सरळ डॅलसला उतरलं की तिथला सोपस्कार झाला की दरवाज्याबाहेर तुमची ताई किंवा दाजी उभे. सासूबाई पहिल्यांदा मधल्या एका शहरात उतरून पुढं आल्या होत्या, बॅग कुठल्या पट्ट्यावर द्यायची ते कळेना म्हणून तिथंच एका खुर्चीवर रडत बसल्या होत्या. हे त्यांनी मला सहा महिन्यांनी सांगितलं. फोन लागत नव्हता आणि मी इकडं समजून चालले होते की सगळं ठीक आहे.

व्हीलचेअर दोघांसाठी मागा, फुकट असते, 48 तास आधी कंपनीला कळवायची. अण्णा नको म्हणतील. त्यांना सांगा ही चालता येत नाही म्हणून नाही, ती ढकलणारा माणूस बरोबर राहतो आणि रांगा, गेट, कागद सगळं तोच बघतो. शाकाहारी जेवणही आधी नोंदवा. आणि एका कागदावर इंग्रजीत लिहून द्या, कुठून आलो, कुणाकडं जातोय, पत्ता, ताईचा नंबर, किती दिवस राहणार. अधिकाऱ्यानं विचारलं की कागद पुढं करायचा. तीन प्रती काढा, अण्णांच्या खिशात एक, आईंच्या पिशवीत एक, पासपोर्टमधे एक.

बॅगाही बघून घ्या. अमेरिकेला माणशी 23 किलोच्या दोन मिळतात असं सगळे धरून चालतात, पण स्वस्त दरात कधी एकच असते.

उदगीरचा_धाकटा

काल रात्री काढलं. हैदराबाद-दुबई-डॅलस, एकच पीएनआर, दुबईत 3 तास 50 मिनिटं, माणशी दोन बॅगा, दोन्ही कडेच्या सीटा, व्हीलचेअर नोंदवली. देगलूर काकांचा हिशेब कागदावर मांडून अण्णांपुढं ठेवला, मुंबईचा खर्च एका बाजूला आणि न्यूयॉर्कची टॅक्सी एका बाजूला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ती रडली असती रे तिथं. आईबद्दल म्हणाले. आणि ताईला स्वतःहून फोन लावून, अर्धे तू दे अर्धे मी देतो, असं ठरवून मोकळे झाले.

आता आईचं सुरू झालंय. ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, डिंकाचे लाडू, लोणचं, आणि वाटेत खायला धपाटे. यातलं काय चालतंय?

नांदेडची_सून_टेक्सासला

सगळं चालतंय, फक्त ताजी फळं, भाज्या आणि मांसाचं काही नको. लोणचं बरणीत घट्ट बांधून मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत अडवतात. खायचं काही आहे का असं विचारलं की हो म्हणायचं, लपवायचं नाही, दाखवा म्हणले तर दाखवायचं. धपाटे हातातच ठेवा आणि उतरायच्या आत संपवा. आणि लाडू जास्त द्या, इकडं डिंक सहज मिळत नाही.