करार फक्त निपाणीच्या विडीलाच बांधतो का?

वखारवाला_निपाणी
दीड एकर तंबाखू घरची, आणि आई, चुलती अजून विड्या वळतात. परवा आईनं बंडल हातात धरून विचारलं, "हे सडक्या गळ्याचं चित्र लावायला कुणी सांगितलंय रे?" म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखूवरचा करार हाय, २००३ चा. आपल्या सरकारनं २००४ ला मान्य केला. "मग अमेरिकेच्या सिगारेटवरबी असंल की."

आता आली का पंचाईत. शोधलं तर अमेरिकेनं २००४ ला सही केली आणि कागद तसाच ठेवून दिला. चित्रांचा नियम केला, तर सिगारेट कंपन्या कोर्टात गेल्या. इथं मात्र ८५ टक्के पाकीट चित्रानं झाकलेलं. विडी औषध हाय असं मी म्हणत नाही, वडील खोकून खोकूनच गेले. पण हेच वडील १९८१ ला शरद जोशींच्या आंदोलनात हायवेवर बसले होते, दोन पैसे जास्त भाव मिळावा म्हणून. आमच्यासारख्याला नियम आणि बलाढ्याला सवलत, असा हिशेब असेल तर करार करायचा कशाला?

वकील_चिकोडी
अण्णा, दोन गोष्टींची गल्लत होतीया. सही म्हणजे सुपारी फोडली. लग्न लागतं ते देशानं रीतसर मंजुरी दिल्यावर. अमेरिकेत तो करार सिनेटपुढं, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहापुढं ठेवलाच नाही, त्यामुळं तो त्यांना बांधत नाही. कायद्याच्या हिशेबानं त्यांनी करार मोडला असं म्हणता येत नाही.

आणि ८५ टक्के कराराचे नव्हेत. करार म्हणतो ५० किंवा जास्त असावं, ३० च्या खाली नको. ८५ हा आपल्याच सरकारचा आकडा, २०१६ पासूनचा. आपल्याच कर्नाटक हायकोर्टानं २०१७ ला तो रद्द केला, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे या भांडणात आंतरराष्ट्रीय कायद्याचा हात थोडाच.

बलाढ्याच्या सवलतीचा खरा दाखला हवा तर मध्य अमेरिकेतला निकाराग्वा देश घ्या. तिथल्या बंदरांत सुरुंग पेरल्याबद्दल आणि बंडखोरांना मदत केल्याबद्दल १९८६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अमेरिकेला दोषी धरलं. अमेरिका खटल्यातून आधीच उठून गेली होती. निकाल पाळा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तर तिथं नकाराधिकार वापरला. भरपाई शून्य.

गल्लीतला_शाहापूर
बेळगावच्या सीमावादावरचा महाजन अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून. एका देशातल्या दोन राज्यांचं ठरंना आणि हे निघाले अमेरिकेला बांधायला 😀

बाई_खानापूर
हसू आलं खरं, पण वकीलसाहेबांनी एकच बाजू मांडली. बलाढ्य म्हटलं की आपण लगेच अमेरिकेकडं बोट दाखवतो. बांगलादेशासमोर बलाढ्य कोण? आपणच. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीचा वाद लवादाकडं गेला होता. २०१४ ला निकाल आला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला. आपल्याकडं आरमार होतं, नकार दिला असता तर त्यांनी काय केलं असतं? तरी दिल्लीनं निकाल मानला. शेजाऱ्याशी रोज उठून भांडण्यापेक्षा हद्द एकदाची ठरलेली बरी, हे मोठ्यालाही परवडतं. दहावीच्या वर्गात मी हाच दाखला देते. पोरं पहिल्यांदा "हरलो?" म्हणून ओरडतात.

वकील_चिकोडी
बाई, मान्य. पण तिथं भारताला पाळायचं होतं म्हणून पाळलं गेलं, पाळायला लावणारं कुणी नव्हतं. माझा मुद्दा तेवढाच.

अण्णा, तुमच्या कामाचं एक सांगतो. त्याच करारात १७ वं कलम आहे. तंबाखू पिकवणारे, कामगार, विकणारे यांना परवडेल असा दुसरा मार्ग मिळावा म्हणून देशांनी प्रयत्न करायचे. "योग्य असेल तसे" ही पळवाट त्यात आहेच. तरी या करारानं भारत बांधलेला आहे.

वखारवाला_निपाणी
हे कलम आजवर कुणी सांगितलंच नाही की! चित्र आमच्यापर्यंत पोचलं आणि १७ नंबर वाटेतच राहिला? आईला वाचून दाखवलं, तर म्हणते, "दुसरा मार्ग म्हणजे ऊस का?" वकीलसाहेब, त्या कलमाचा मराठी मजकूर असेल तर टाका. कन्नडमधला मिळाला तर आणखी बरं, अर्ज त्याच भाषेत द्यावा लागतो.