ओळखीच्या दुकानात जाणं तुम्ही कशामुळे थांबवलंत? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

मी नौपाड्यात राहते. गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत माझे ठरलेले टेलर होते. १२ वर्षं ब्लाउज, फॉल-पिको सगळं त्यांच्याकडेच. गेल्या पाडव्याच्या ३ आठवडे आधी साडी आणि ब्लाउजपीस देऊन आले. कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेत आम्ही मैत्रिणी एकसारख्या साड्या नेसून चालतो, हे त्यांना पाठ होतं. "ताई, शनिवारी या." शनिवारी गेले तर "कारागीर गावाला गेलाय, मंगळवारी या." मंगळवारी दुकान लग्नाच्या कपड्यांनी भरलेलं. मोठं काम घेतलं होतं आणि आमची जुनी कामं मागे टाकली होती. फोन उचलणंही बंद. पाडव्याच्या आदल्या रात्री ९ वाजता ब्लाउज हातात पडला, त्याला हुक नव्हते. रात्री बसून मीच लावले.

पहिल्याच दिवशी "या वेळी जमणार नाही" म्हणाले असते, तर मी दुसरीकडे शिवून घेतला असता आणि दिवाळीला पुन्हा त्यांच्याकडेच गेले असते. मी भांडले नाही. पैसे दिले, घरी आले, परत गेले नाही. का, ते त्यांना अजून माहीत नसेल. मला तेच खुपतं, कारण गल्लीतली दुकानं टिकावीत असं मनापासून वाटतं. तुमचे अनुभव सांगा. दुकानांची नावं नकोत. स्वतःचं दुकान असेल तर जरूर लिहा.

वाशीहून

मुलाच्या शाळेजवळचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. एके दिवशी काउंटरवर पाटी लागली, "५० रुपयांच्या खाली ऑनलाइन नाही". झेरॉक्स दोन-तीन रुपयांची, वही तिशीची; पन्नासचं गिऱ्हाईक तिथे येतं किती? बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला २०२० पासून शुल्क लागत नाही. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या स्पीकरचं भाडं असतं, ते मान्य. पण सुट्टे नाहीत म्हणून दहावीच्या मुलाला हॉल तिकिटाची प्रत न देता परत पाठवलं, ते मी समोर उभं राहून पाहिलं. त्या मुलाच्या झेरॉक्सचे पैसे मी दिले आणि त्यानंतर तिथून काही घेतलं नाही.

घोडबंदर रोड, वाघबीळ

मिक्सर घेतला, चौथ्या दिवशी भांड्यातून पाणी गळायला लागलं. दुकानात गेलो तर मालकाने बिलावरची ओळ दाखवली, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". ही ओळ छापली की सुटलो, असं बऱ्याच दुकानदारांना खरंच वाटतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं, तेव्हा मिक्सर बदलून मिळाला. पण त्याआधी पाऊण तास चार लोकांसमोर मी खोटारडा ठरलो होतो. त्यानंतर फ्रिज, गीझर, पंखे सगळं ठाणे स्टेशनजवळून आणलं.

नेरूळ

आमच्या वाण्याने दोन रुपयांऐवजी चॉकलेट द्यायला सुरुवात केली. आईने एकदा तीच चॉकलेटं साठवून परत दिली, तर घेतली नाहीत. आईने वाणी बदलला.

ऐरोलीहून, माझं पोळी-भाजी केंद्र आहे

मी दुकानदाराच्या बाजूने लिहिते. चूक माझी होती. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी गर्दी आवरेना, म्हणून नियम केला: १० पोळ्यांच्या खाली ऑर्डर घ्यायची नाही. हिशोबाने बरोबर होतं, सुट्या गिऱ्हाइकांत वेळ फार जातो. आमच्याकडे एक आजोबा रोज यायचे, ३ पोळ्या आणि एक भाजी. एकटेच राहायचे. माझ्याकडच्या मुलीने त्यांना नियम सांगितला. ते "बरं बाळा" म्हणाले आणि गेले. मी आत तव्यावर होते, ऐकलं, बाहेर आले नाही.

महिन्याभरात त्यांच्या सोसायटीतल्या ऑर्डर कमी व्हायला लागल्या. मला वाटलं ॲपवरून मागवत असतील, म्हणून भाव उतरवून पाहिला. फरक पडला नाही. शेवटी तिथल्याच एक काकू भाजी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळे त्यांच्यामुळेच तुझ्याकडे यायला लागलो होतो. ते रोज खाली बसून तुझ्या पोळीचं कौतुक करायचे."

त्याच संध्याकाळी डबा घेऊन आजोबांकडे गेले, माफी मागितली. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, डब्याचे पैसे हातात ठेवले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते तोवर दुसरीकडून डबा घेत होते आणि त्या बाईंना मधेच सोडणार नाही म्हणाले. नियम मी दुसऱ्या दिवशी काढला. सोसायटीतली थोडी घरं परत आली, सगळी नाहीत.

नौपाडा, पुन्हा मी

ऐरोलीच्या ताई, तुमचं वाचून टेलरकाकांकडे जाऊन स्पष्ट सांगावंसं वाटतंय. बाजारात त्या काकू भेटल्या नसत्या तर तुम्हाला कधी कळलंच नसतं. उद्या जाते. ब्लाउजपीस नेत नाही, आधी बोलते.