पहिली दुर्बीण, बजेट बारा हजार : पोरो की रूफ?

खंड्या

पक्षी बघायला नव्याने लागलेल्यांचा ठरलेला प्रश्न : दहा-बारा हजारांत कोणती दुर्बीण घ्यावी? माझं मत, पोरो प्रिझमची ८×४२ (पट आठ, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी) घ्या. या पैशांत रूफ प्रिझमच्या वाटेला जाऊ नका.

पोरो म्हणजे जुन्या धाटणीची, रुंद खांद्यांची दुर्बीण. रूफ म्हणजे दोन सरळ नळ्यांची. पोरोच्या प्रिझममध्ये प्रकाश काचेच्या आतल्या आत पूर्ण परावर्तित होतो, आरसा लागत नाही. रूफच्या नेहमीच्या रचनेत (श्मिट-पेचान) एका बाजूवर आरशाचा थर द्यावाच लागतो. तो साध्या ॲल्युमिनियमचा असेल तर तेवढ्या एका जागी दहा-बारा टक्के प्रकाश जातो. शिवाय छपरासारख्या कडेवर किरण दोन भागांत फुटून पुन्हा एकत्र येतात, आणि त्यात पिसांवरच्या बारीक रेघा पुसट होतात. हे टाळायला प्रिझमवर एक खास थर, फेज कोटिंग, लागतं. स्वस्त रूफमध्ये ते बहुधा नसतंच. म्हणजे रूफमध्ये तुमचे पैसे आधी रचनेचे दोष निस्तरण्यात जातात, मग उरले तर भिंगात.

उदाहरण घ्या निकॉन ॲक्युलॉन ८×४२ चं. फील्ड ८ अंश, म्हणजे १००० मीटरवर १४० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत. झुडपात सतत उड्या मारणारा वटवट्या पकडायला ही रुंदी फार कामाची.

रत्नांग्री

खंड्याभाऊ, प्रकाशाचं गणित मान्य. पण दुर्बीण पावसाळ्यातही वापरायची असते, आणि तिथेच पोरो मार खाते.

तुम्ही म्हणता त्या पोरोमध्ये फोकसचं चाक फिरवलं की आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगांचा) अख्खा पूल मागेपुढे सरकतो. दर वेळी थोडी बाहेरची हवा आत ओढली जाते. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा आंबोलीला त्या हवेत काय असतं ते सांगायला नको. आधी आतून धुकं धरतं, मग बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येतात. बुरशी भिंगावरचा थर खाते, त्यामुळे भिंग खोलून पुसलं तरी खुणा राहतात. परत जुळवणीचा खर्च धरला तर नवी दुर्बीण बरी असं होतं.

रूफमध्ये फोकसचं भिंग नळीच्या आत सरकतं, म्हणून ती ओ-रिंग (रबरी कडी) लावून, नायट्रोजन भरून बंद करता येते. निकॉनचीच प्रोस्टाफ पी३ ८×४२ बघा : मीटरभर पाण्यात १० मिनिटं टिकेल असं कंपनी सांगते, वजन ५६५ ग्रॅम, आणि ३ मीटरवरचं फुलपाखरूही फोकसमध्ये येतं. ॲक्युलॉन ८×४२ आहे ७५५ ग्रॅम आणि ५ मीटरच्या अलीकडे फोकस नाही. आरशाचा थर म्हणाल तर पी३ मध्ये चांदीच्या मिश्रधातूचा आहे, ॲल्युमिनियमचा नाही.

खंड्या

रत्नांग्री, चांदीचा थर आहे, पण पी३ च्या तपशिलात फेज कोटिंग नाही. ते वरच्या पी७ मध्ये येतं आणि तिथे आपलं बजेट संपतं. फील्डही ७.२ अंश, म्हणजे १२६ मीटर. चौदा मीटरचा तोटा कागदावर लहान दिसतो, पानांच्या गर्दीत लहान नसतो.

बुरशीचा धोका खरा आहे, पण तो आवाक्यातला आहे. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलचे नारिंगी खडे शंभरेक ग्रॅम, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. खडे हिरवट पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास सुकवायचे. दुर्बीण सोबत आलेल्या केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, कापड आणि फोम दोन्ही ओल धरून ठेवतात. आणि भिजलेली दुर्बीण तशीच डब्यात टाकू नका, आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा.

चातक

तुम्ही दोघं ८× धरूनच बसला आहात. नांदूर मध्यमेश्वरला किंवा भिगवणला, जिथे पक्षी दोन-तीनशे मीटरवर चिखलात बसलेले असतात, तिथे ८× ने ‘तुतारी आहे’ किंवा ‘चिखल्या आहे’ (दोन्ही काठावर चरणारे लहान पक्षी) यापुढे जाऊन नेमकी जात ओळखता येत नाही. चोचीची लांबी, पायांचा रंग, डोळ्यावरची पट्टी यावर ओळख ठरते. तिथे १०× च हवी, आणि स्वस्तात हवी तर १०×५०. पुढचं भिंग मोठं, म्हणून प्रकाशही भरपूर.

भिंगवाला

चातक, पुढच्या भिंगाचा मोठेपणा एकटा बघू नका. व्यासाला पटीने भागा, डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिमी. ५० भागिले १० म्हणजे ५ मिमी. म्हणजे प्रतिमेचा उजेड जवळपास तोच. १०×४२ ला ४.२, आणि खिशातल्या ८×२१ ला फक्त २.६. भर उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिमी असते, तेव्हा फरक कळत नाही. दाट रानात आणि संध्याकाळी बाहुली मोठी होते, तेव्हा कळतो.

१०×५० चा खरा तोटा वजन. ॲक्युलॉन १०×५० आहे ९०० ग्रॅम, फील्ड ६.५ अंश. पट वाढली की हाताची थरथरही तितक्या पटीने वाढते. भिगवणच्या होडीत तर पक्षी हलतोय की आपण, हेच कळत नाही. काठावर एकपायी स्टँड टेकवून बसणार असाल तर १०× जरूर घ्या. हातात धरून फिरणार असाल तर ८× मध्ये जास्त तपशील दिसतो, कारण प्रतिमा स्थिर असते.

अजून एक गोष्ट कोणीच काढली नाही : चष्मा. ॲक्युलॉन ८×४२ चं आय रिलीफ १२ मिमी आहे, म्हणजे आयपीसपासून एवढ्याच अंतरावर डोळा ठेवला तर पूर्ण फील्ड दिसतं. चष्मा घालून किमान १५-१६ मिमी तरी हवं, नाहीतर मधलाच तुकडा दिसतो आणि खंड्याचे १४० मीटर कागदावरच राहतात. पी३ ला ते २० मिमीच्या आसपास आहे. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भागतं. सिलिंडरचा नंबर बऱ्यापैकी असेल तर भागत नाही. त्यांच्यासाठी पोरो-रूफ हा वाद इथेच संपतो.

मृगनक्षत्र

१०×५० ची बाजू आकाशाकडूनही घ्या. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, सगळं १०×५० मध्ये सुरेख दिसतं, आणि आकाश बघताना बुरशी सोडली तर पाण्याचा प्रश्न येत नाही. पक्षी आणि तारे दोन्ही हवे असतील तर पोरो १०×५० आणि स्टँडला जोडायचा अडॅप्टर. गुरूचे चंद्र हातात धरून नीट दिसत नाहीत, स्टँडवर दिसतात.

सह्यकडा

एक प्रश्न. हजार-दीड हजारात ३०×६०, अगदी १००×१८० अशा दुर्बिणी मिळतात. पट इतकी जास्त असताना आठ पट कशाला?

भिंगवाला

सह्यकडा, तो आकडा मोजून बघा, पट्टी पुरते. आधी पुढच्या भिंगाचा व्यास मोजा. मग दुर्बीण उजळ आकाशाकडे धरून डोळ्यापासून फूटभर लांब न्या, आयपीसमध्ये एक लख्ख वर्तुळ दिसेल. त्याचा व्यास मोजा. भिंग ३० मिमी आणि वर्तुळ ४ मिमी असेल तर पट साडेसात आहे, बाहेर काहीही छापलेलं असो. खरंच ३०×६० असती तरी वर्तुळ २ मिमी आणि थरथर तीसपट, हातात धरून काहीही दिसलं नसतं. भिंगावर लाल चमकणारा थर असेल तर ठेवून द्या : तो लाल प्रकाश परत फेकतो आणि चित्र हिरवट-निळसर दिसतं. झूमवाल्या दुर्बिणीही नकोत, फील्ड अरुंद आणि दोन नळ्यांची पट एकसारखी राहत नाही.

दुकानात बघायच्या गोष्टी. त्याच लख्ख वर्तुळाचा आकार बघा. पूर्ण गोल असेल तर उत्तम. कडा करड्या होऊन चौकोनी दिसत असेल तर प्रिझम हलक्या काचेचं, पोरोमध्ये बीके७ असल्याची ही खूण. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ (काचेच्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर) हवं, नुसतं ‘कोटेड’ नको. थर नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला.

मग दुकानाच्या दारात येऊन समोरच्या विजेच्या तारेवर फोकस करा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर लांब न्या. डाव्या-उजव्या वर्तुळात तार एकाच उंचीवर दिसली पाहिजे. वरखाली दिसली तर नळ्या समांतर नाहीत. मेंदू थोडा वेळ ते जुळवून घेतो, मग दहा मिनिटांत डोकं धरतं. दुसरा नग मागा.

रत्नांग्री

ही तारेची परीक्षा पोरोवाल्यांनी दरवर्षी करावी. पोरोचं प्रिझम एका धक्क्याने सरकतं. एसटीच्या रॅकवरून पडलेली पोरो तपासल्याशिवाय वापरू नका.

खंड्या

तेही मान्य. मग माझं म्हणणं असं सुधारतो : चष्मा नाही, पावसात फिरणं नाही, मुख्यतः घाटमाथ्यावर आणि हिवाळ्यात बघणं, तर पोरो ८×४२. कोकणात राहणाऱ्याने किंवा चष्मेवाल्याने रूफ घ्यावी, पण थराचा तपशील वाचून. ‘वॉटरप्रूफ’ एवढाच शब्द बघून नाही.

सह्यकडा

आणि घेतल्यावर एका डोळ्याने स्पष्ट, दुसऱ्याने धूसर दिसलं तर? दुर्बीण खराब?

भिंगवाला

बहुतेक वेळा नाही. उजव्या आयपीसवर एक वेगळी कडी असते, ती जुळवायची राहिलेली असते. लांबची दुकानाची पाटी धरा. उजवी नळी हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने डावी प्रतिमा स्पष्ट करा. आता डावी नळी झाका, मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजवी कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. यापुढे मधलं चाकच फिरवायचं, दुर्बीण दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तरच कडी परत त्या खुणेवर आणायची.