मदत हवी आहे : मोत्याच्या गळ्याला गाठ, अर्जंट

कोरेगावकर
मोत्याच्या गळ्याला गाठ आलीय. कडक लागते. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत, फोन उचलत नाहीत. कोणती गोळी द्यावी ते सांगा. "डॉक्टरकडे जा" एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं.

एमएच१०वाला
मोत्या बैल का कुत्रा? आमचा मोत्या बैल होता म्हणून विचारतोय.

कोरेगावकर
कुत्रा हो! गोळी सांगा.

शेवटच्या_वर्षाला
वय किती? गाठ एका बाजूला का दोन्हीकडे? दाबल्यावर दुखते? तोंडात बघितलं का? नुसत्या "गाठी"वर कोण काय सांगणार?

माणदेशी
चुना-गुळाचा लेप द्या. गाठ बसते नाहीतर फुटते. आमच्याकडे पूर्वी डाग द्यायचे.

मिरजेची_ताई
डाग?? आणि तो लेप कुत्रा चाटणार नाही होय? काय सांगताय दादा.

कोरेगावकर
वय सात-आठ. दोन्ही बाजूंना आहे. दुखत नाही. खातोय चांगला, भुंकतोय, म्हणजे बराच आहे ना?

शेवटच्या_वर्षाला
तेवढ्यावरून बरा म्हणता येत नाही. आता हे चाचपा: खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्याच्या मागे. जबड्याखाली लसिका ग्रंथी (जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठी) असतात, तशा तिथंही असतात. जबड्याच्या कोपऱ्यात त्यांच्यामागेच लाळेची ग्रंथी असते, लोक तिलाच गाठ समजतात.

गोठेवाला
हे थायलेरियाच. आमच्या एचएफ गाईला खांद्यापुढची गाठ अशीच फुगली होती, वर ताप. गोचिडाचंच काम. लंपीतही गाठी सुजतात, २०२२ ला बघितलं सगळ्यांनी.

मिरजेची_ताई
गाईचा थायलेरिया कुत्र्याला कशाला लावताय?

गोठेवाला
गाठ ती गाठ. गोचीड दोघांनाही चावतो.

शेवटच्या_वर्षाला
गोचीड वेगळे, जंतू वेगळे. कुत्र्यात बहुधा एर्लिकिया असतो. पण सुजण्यामागचं कारण सगळ्या सस्तन प्राण्यांत एकच. पायाला जखम झाली की आपल्याला जांघेत अवधाण येतं ना, तेच. त्या भागातला लसिका द्रव ग्रंथीतून गाळून पुढे जातो. जंतू आला की आतल्या पांढऱ्या पेशी वाढतात, ग्रंथी फुगते. म्हणून एकाच जागी गाठ असेल तर आधी जवळपासचे दात, हिरड्या, जखम बघायची. सगळीकडे असतील तर रोग रक्तात आहे असं धरून तपासायचं.

वडूजचा_पोल्ट्रीवाला
मग कोंबडीला का येत नाही अशी गाठ?

शेवटच्या_वर्षाला
कोंबडीला अशा लसिका ग्रंथी नसतातच. पण त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

कोरेगावकर
गुडघ्यामागेपण आहेत. लिंबाएवढ्या. खांद्यापुढेही वाटतात. गोचीड पावसाळ्यात भरपूर होते, आम्ही काढले. नाकातून मध्यंतरी थोडं रक्त आलेलं, उन्हामुळं असेल.

मिरजेची_ताई
अहो हे आधी सांगायचं ना!

एमएच१०वाला
स्टिरॉइडची गोळी द्या, दोन दिवसांत गाठी उतरतात. आमच्या लॅब्राडॉर कुत्र्याला दिली होती, मस्त उतरल्या.

शेवटच्या_वर्षाला
अजिबात देऊ नका. लिम्फोमा, म्हणजे या ग्रंथींचा कॅन्सर, असेल तर स्टिरॉइडने गाठी चार दिवस उतरतात, मग सुईने घेतलेल्या नमुन्यात नीट काही दिसत नाही आणि पुढे केमोलाही दाद कमी मिळते. लिम्फोमातही गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत, सुरुवातीला कुत्रा खातो-पितो. घाबरवत नाही, नाकातलं रक्त आणि गोचीड बघता एर्लिकियाही तितकाच शक्य आहे. त्याचं औषध वेगळं, वेळेत सुरू झालं तर कुत्रे चांगले बरे होतात. रक्त तपासा, प्लेटलेट बघा. सुई गुडघ्यामागच्या गाठीत घालायला सांगा. जबड्याखालची गाठ नुसत्या घाणेरड्या दातांनीही सुजते, ती फसवते. माणसाची ब्रुफेन वगैरे तर मुळीच नको.

एमएच१०वाला
आमचा लॅब बरा झाला एवढं खरं.

मिरजेची_ताई
आता आहे का तो?

एमएच१०वाला
नाही.

कोरेगावकर
साताऱ्यात रविवारी रक्त कुठं घेतील? की सोमवारी थेट शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला नेऊ?

शेवटच्या_वर्षाला
शिरवळला न्या, सकाळी लवकर पोचा. तोपर्यंत पुन्हा नाकातून रक्त आलं किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर सोमवारची वाट बघू नका. साताऱ्यातले जे डॉक्टर भेटतील त्यांच्याकडे रात्रीसुद्धा न्या.

माणदेशी
लेप मात्र लावून बघा.

गोठेवाला
शिरवळला जाताय तर माझ्या गाईचंही विचाराल का?