मदत हवी आहे : स्कोलिओसिसच्या ब्रेससाठी ठाणे–नवी मुंबईत जाणकार ऑर्थोटिस्ट (ब्रेस बनवून बसवणारे तज्ज्ञ)

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या पाठीचा कणा एका बाजूला वळला (स्कोलिओसिस) असून कॉब कोन, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला कण्याचा बाक, 28 अंश आहे. वाढीच्या वयात 25 ते 40 अंशांचा बाक पुढे वाढू नये यासाठी ब्रेस देतात, त्यानुसार डॉक्टरांनी तिला मापाचा कडक प्लास्टिकचा ब्रेस दिवसाचे अठरा तास वापरायला सांगितला आहे. मात्र बनवून घेतलेल्या ब्रेसची कड उजव्या काखेखाली रुतते, आत शिवण नसलेला सुती बनियन घालूनही तिथे लाल वण उठतो, आणि ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासानेही तो मावळत नाही. म्हणजे फिटिंग सुधारणे भागच आहे. पट्टे सैल केले तर बाकावरचा दाब कमी होतो आणि ब्रेसचा उपयोगच उरत नाही, म्हणून तो पर्याय मला मान्य नाही. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेची माहिती आहे, परंतु शाळा सांभाळून वारंवार तिकडे जाणे कठीण आहे. ठाणे, वाशी किंवा नेरुळ भागात असा ब्रेस तपासून कड घासून देणारे, आतले पॅड योग्य जागी बसवणारे अनुभवी ऑर्थोटिस्ट कोणाला माहीत आहेत का? तसेच ज्यांच्या मुलींनी शाळेच्या गणवेशाखाली ब्रेस वापरला आहे, त्यांनी उकाड्यात त्वचेची काळजी कशी घेतली, हेही कृपया सविस्तर कळवावे.