पूर्ण वळणावर पुढचे टायर का घासतात?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवले की पुढचे टायर कर्कश आवाज करतात. महिन्यापूर्वीच व्हील अलाइनमेंट करून घेतले आहे आणि टो (चाके सरळ असताना त्यांची पुढची टोके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत, ते माप) बरोबर आहे. तरीही डाव्या टायरची बाहेरची कड उजव्याच्या मानाने लवकर झिजते आहे. हा गाडीच्या रचनेचाच भाग समजावा का?

उत्तर १: चारही चाकांचे अक्ष वाढवले असता एकाच बिंदूत मिळाले, तरच गाडी वळताना कोणतेही चाक आडवे न घासता फिरते. समजा, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अक्षांमधील अंतर) २.४ मीटर, पुढच्या चाकांमधील अंतर १.४ मीटर आणि मागच्या अक्षाचा मध्य वळणाच्या केंद्रापासून ४.५ मीटर दूर आहे. तर आतले चाक सुमारे ३२ अंश आणि बाहेरचे सुमारे २५ अंश वळायला हवे. दोन्ही २८ अंशांवर वळली, तर प्रत्येक टायर तीन-चार अंश तिरका ओढला जाईल. म्हणून स्टिअरिंग आर्म (प्रत्येक पुढच्या चाकाला वळवणारे दांडे) किंचित तिरके ठेवतात. ही कल्पना म्युनिकच्या लँकेनस्परगर या बग्गी बनवणाऱ्याची. १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेणाऱ्या अॅकरमन यांचे नाव मात्र तिला चिकटले, याची मला नेहमी हळहळ वाटते.

उत्तर २: वरील गणित अगदी कमी वेगालाच लागू पडते. वेगात वळताना बाहेरच्या टायरवर भार येतो आणि पकड मिळवण्यासाठी त्याला थोडे घसरावेच लागते, त्यामुळे बहुतेक गाड्यांत हा कोनफरक मुद्दाम कमी ठेवलेला असतो. गुळगुळीत फरशीवरचा आवाज त्यातूनच येतो. त्याची काळजी नको. एकाच बाजूची झीज मात्र मला खटकते, जरी आपल्याकडे चौकातील वर्तुळांना वळसा घालताना डावाच टायर बाहेर असतो, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर ३: टो सरळ चाकांवर मोजतात, त्यामुळे वाकलेला स्टिअरिंग आर्म त्यात लपतो: टाय रॉड (स्टिअरिंग आर्मला जोडलेला, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा) फिरवून टो जुळवता येतो, पण वळणावरचा कोन चुकलेलाच राहतो. अलाइनमेंटच्या फिरत्या तबकड्यांवर आतले चाक २० अंश वळवून बाहेरच्याचा कोन पाहावा आणि तेच दुसऱ्या बाजूने करावे. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

प्रश्नकर्ता: आज मोजून घेतले. उजवीकडे वळताना बाहेरचे चाक १९.५ अंश, डावीकडे वळताना १८. गेल्या पावसाळ्यात डावे चाक खड्ड्यात जोरात आदळले होते. त्या बाजूचा स्टिअरिंग नकल (चाक ज्यावर बसते आणि वळते तो भाग) उतरवून तपासायला सांगितला आहे.