मदत हवी आहे: गेमबॉय अ‍ॅडव्हान्स उघडताना अडकलोय (सोलापूर)

मामानं वीस वर्षांपूर्वी दिलेला गेमबॉय अ‍ॅडव्हान्स, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, माळ्यावर सापडला. २००१ चं मॉडेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. पोराला म्हटलं, आत काय असतं ते बघू या. आता तो रोज विचारतो, "बाबा, उघडलं का?"

सेलच्या खान्यातला एक स्क्रू फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरनं निघाला. मागचे सहा मात्र तीन पात्यांचे, इंग्रजी वाय अक्षरासारखी खाच असलेले. नवी पेठेत तीन दुकानं फिरलो, सगळीकडे मोबाईलचे सेट दाखवतात, त्यात हे टोक नाही. एका कारागिरानं बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर लावून जोर दिला आणि एका स्क्रूची खाचच गुळगुळीत झाली! तिथंच हात जोडून यंत्र परत घेतलं.

तर मंडळी, हे टोक सोलापुरात सुटं कुठं मिळेल? खाच गेलेला स्क्रू केस न फोडता कसा काढायचा? रबरबँड मध्ये धरून पाहिलं, घसरतंय. आणि सेल गळून एका पत्रीवर हिरवट-पांढरं चढलंय. ते व्हिनेगरनं पुसलं तर बोर्डाला काही होणार नाही ना?

स्क्रीनची पट्टी सोडवताना आधी तिची खिटी उचलायची, ओढायची नाही, एवढं माहीत आहे. पोराला ते २४० बाय १६० चे ठिपके भिंगातून बघायचेत. परत जोडून चालू झालं पाहिजे बरं का, नाहीतर मामा भेटला की माझं काही खरं नाही.